एका ताऱ्याचं दुकान

१

ताहेराबाईंवर कुणीतरी डूख धरला होता, याबद्दल आमच्या ऑफिसात कुणालाच शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की कुणी.

मी अनिस. ‘नभस्वर’ या मोबाइल कंपनीत नोकरीला आहे. पिंपरीपासून चाकणपर्यंत आमची जेवढी दुकानं आहेत, त्यांची देखभाल माझ्याकडे. देखभाल म्हणजे काय, तर दुकानदारांची गाऱ्हाणी ऑफिसला सांगायची, ऑफिसची गाऱ्हाणी दुकानदारांना सांगायची आणि दोन्हीकडची बोलणी खायची. या नोकरीत मी टिकलो तो ताहेराबाईंमुळे. नवा होतो तेव्हा एकही दुकानदार मला दारात उभं करत नव्हता. या बाईंनी खुर्ची दिली, चहा पाजला आणि आसपासच्या चार दुकानांत स्वतः घेऊन गेल्या. ते उपकार मी विसरलेलो नाही.

आमच्याकडची पद्धत अशी. ग्राहकानं दुकानात रिचार्ज केलं, सिम बदललं, काहीही केलं, की दुसऱ्या दिवशी त्याला कंपनीचा एक मेसेज जातो. उत्तर म्हणून त्यानं एक आकडा पाठवायचा. तो आकडा आमच्या वेबसाइटवर त्या दुकानाच्या नावापुढे ताऱ्यांच्या रूपात दिसतो. पाच तारे म्हणजे दुकान उत्तम. एक तारा म्हणजे तिथे पाऊल ठेवू नका. चाकणच्या कारखान्यांच्या रस्त्यावरचं ताहेराबाईंचं दुकान वर्षानुवर्षं पाचाच्या आसपास होतं. गेल्या काही आठवड्यांत त्याला सगळ्यांकडून ‘एक’ हाच आकडा मिळत गेला आणि दुकान आमच्या यादीच्या तळाला जाऊन बसलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये जयदीप सरांनी निकाल देऊन टाकला. जयदीप सर आमचे मार्केटिंगचे प्रमुख. माणूस हुशार, कामसू आणि स्वतःच्या कल्पनांवर नको तितका लुब्ध. ‘तारे बघा, दुकान निवडा’ ही सध्याची सगळी मोहीम त्यांचीच. वाकडपासून ताथवड्यापर्यंत प्रत्येक चौकात तिचे फलक लागले आहेत. दोन ताऱ्यांच्या खाली गेलेल्या दुकानावरची कंपनीची पाटी उतरवायची, असा नियमही त्यांचाच. एका दुकानाला सूट दिली तर मोहिमेचं हसं होईल, असं त्यांचं म्हणणं. शुक्रवारी पाटी उतरवायला माणूस जाईल असं त्यांनी सांगितलं. मग नेहमीप्रमाणे स्वतःची पाठ थोपटून घेतली. मेसेज पूर्वी लांबलचक होता, कुणी वाचत नव्हतं, आपण तो निम्म्यावर आणला आणि उत्तरं दुपटीनं वाढली, वगैरे.

तेव्हा अपेक्षा मॅडम बोलल्या. ग्राहकांच्या मतांचा अभ्यास करणं हे त्यांचं काम. त्या मूळच्या वाकड गावठाणातल्या. त्यांच्या आजोबांच्या शेतावर आता पंचवीस मजली इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत आमचं ऑफिस आहे. मीटिंगमध्ये त्या फार बोलत नाहीत, त्यामुळे बोलल्या की सगळे ऐकतात.

“सर, इतक्या लोकांनी एक दिला आणि तक्रार एकानंही केली नाही. चिडलेला माणूस नुसता आकडा पाठवून गप्प बसतो का?”

जयदीप सर म्हणाले, की मग कुणाचा तरी डाव असेल. शुक्रवारपर्यंत शोधून काढलंत तर मी पाटी काढणार नाही. मात्र आकडा देणाऱ्या ग्राहकाला फोन करून विचारायचं नाही. मत गुप्त ठेवू असा शब्द कंपनीनं दिलाय, तो मोडायचा नाही.

मीटिंग संपल्यावर मॅडमनी मला त्यांच्या संगणकापुढे बसवलं. ग्राहकांची नावं त्यांनाही दिसत नव्हती, फक्त खुणेचे क्रमांक होते. पण आकडे कुठून आले ते दिसत होतं. सगळे ‘एक’ चाकणमधल्या एकाच जागेवरून निघाले होते, आणि तेही दिवसाच्या ठरावीक वेळांना, घोळक्यानं.

“हे एकट्यादुकट्याचं काम नाही, अनिस,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी माणसं जमवली आहेत.”

२

मंगळवारी आम्ही चाकणला गेलो. ताहेराबाईंचं दुकान म्हणजे एक गाळा, एक काउंटर, दोन स्टुलं आणि मागच्या भिंतीवर फोनची कव्हरं. समोर रस्त्यापलीकडे गाड्यांच्या वायरिंगचा कारखाना. त्यांचे पती इकबालभाई शेजारच्याच गल्लीत ट्रकची कामं करतात. दुकान मात्र पूर्णपणे बाईंचं. या दुकानावर त्यांनी दोन मुलींची शिक्षणं काढली आहेत.

मला वाटलं होतं, बाई रडतील किंवा भांडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. पाटी जाणार हे त्यांना माहीत होतं. पाटी गेली तर सिम विकता येणार नाही, रिचार्ज करता येणार नाही, म्हणजे दुकान गेल्यातच जमा. पण त्यांच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच.

“अनिसभाई, पाटीचं जे व्हायचं ते होईल. मला फक्त एवढं सांगा, एवढे लोक माझ्यावर नाराज का आहेत? नाव कळलं तर मी घरी जाऊन माफी मागेन. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे, मी कुणाला काय बोलले.”

अपेक्षा मॅडमनी त्यांना शत्रूंबद्दल काही विचारलं नाही. दुकान कसं चालतं, कोण येतं, कधी गर्दी होते, एवढंच विचारलं. गिऱ्हाईक बहुतेक समोरच्या कारखान्यातल्या मुली, असं कळलं. लातूर, परभणी, हिंगोलीकडून आलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या. त्यांचं नाव निघाल्यावर बाई जरा घुटमळल्या, पण पुढे काही बोलल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी संशयितांची नावं सांगितली. चाकणमध्ये ही नावं शोधायला डिटेक्टिव्ह लागत नाही, कोणीही सांगेल. पहिले गाळ्याचे मालक नानासाहेब. गेल्याच महिन्यात ते एका बँकेच्या माणसाला घेऊन गाळे मोजत होते. दुसरा अजिम. बाईंच्या हाताखाली तयार झाला आणि दिवाळीनंतर थेट त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला. तिसरे ते प्रतिस्पर्धी, म्हणजे चौकातले हिंदुराव. ताहेराबाईंचं दुकान बंद पडलं, तर सगळ्या मुली त्यांच्याकडे जाणार.

“मला त्यांना एकच प्रश्न विचारायचाय,” मॅडम म्हणाल्या. “ताहेराबाईंनी तुमचं कधी काही भलं केलंय का?”

मी म्हटलं, हा कसला तपास. त्या म्हणाल्या, की वाइटाबद्दल विचारलं की माणूस सावध होतो. भल्याबद्दल विचारलं की बेसावध बोलतो.

३

नानासाहेब जुने चाकणकर. पांढरी टोपी, पायात कोल्हापुरी, आणि अंगणात नातवाची मोठी गाडी. प्रश्न ऐकून ते हसलेच.

“केलंय की. आमची लेक कॅनडात हाय. आमच्या हिला पूर्वी तिचं तोंड दिसत न्हवतं. ताहेरानं हिला व्हिडिओवर बोलायला शिकवलं. आता रोज सकाळी लेकीला बघितल्याबिगर ही चूल पेटवत न्हाई. तिला कसं काढीन मी? बँकेला पलीकडचा गाळा दाखवला, तो रिकामाच हाय.”

शालनबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ऐकत होत्या. ताहेराला कुणी हात लावला तर नानासाहेबांना जेवायला मिळणार नाही, असं त्यांनी दारातूनच कळवलं. मॅडमनी त्यांचे आभार मानले आणि आम्ही निघालो. एक नाव कमी झालं.

अजिम चहाच्या टपरीवर भेटला. त्याला विचारताच त्यानं मान खाली घातली, आणि माझी खात्री पटली की सापडला. पण तो बोलला ते निराळंच. हिंदुरावांकडे जायला त्याला ताहेराबाईंनीच सांगितलं होतं. घरात बाळ आलं, तिकडे पगार जास्त, तर जा, माझ्याकडे बघू नकोस, असं म्हणून बाईंनी स्वतः हिंदुरावांना फोन केला होता.

“मग मान का खाली घातलीस?” मी विचारलं.

“अनिसभाई, तिथे मला मान वर करता येत नाही,” तो म्हणाला. “पोरी छोटा रिचार्ज मागतात, आम्ही मोठा मारतो. वायर देतो ती आठवड्यात जाते. परत आणली तर घेत नाही. पोरी शिव्या देत बाहेर पडतात.”

अपेक्षा मॅडमच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला.

“अजिम, तुमच्या दुकानाला तारे किती आहेत?”

“पाच,” अजिम म्हणाला. “कंपनीनं ट्रॉफी दिलीय.”

४

ट्रॉफी हिंदुरावांच्या काउंटरवर मधोमध होती, फुलांचा हार घालून. दुकान प्रशस्त, थंडगार, आणि गिऱ्हाईक कुणी नाही. हिंदुराव उंचेपुरे, बोलायला मोकळे. जमीन विकून आलेल्या पैशात त्यांनी चार धंदे केले, त्यातला हा एक. पाच तारे कसे मिळाले असं विचारल्यावर ते म्हणाले, “आमचं वागणंच तसं हाय, मॅडम. लोकं जीव लावत्यात.”

ताहेराबाईंनी काही भलं केलंय का, या प्रश्नावर ते थोडे ओशाळले. सुरुवातीला त्यांना मशीन चालवता येत नव्हतं तेव्हा बाईच येऊन दाखवून गेल्या होत्या, असं त्यांनी कबूल केलं. माणूस तसा वाईट नव्हता. पण मला राग आलाच. शिकवणाऱ्या बाईच्याच पोटावर पाय, राव.

बुधवारी ऑफिसात मॅडमनी दोन्ही दुकानांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. मी बघितलं आणि टेबलावर हातच मारला. खुणेचे क्रमांक तेच होते. ज्या ग्राहकांनी ताहेराबाईंना एक दिला होता, त्यांनीच हिंदुरावांना पाच दिले होते. अजून काय पुरावा पाहिजे? हिंदुरावांनी माणसं भाड्यानं घेतली, स्वतःला पाच देववले, बाईंना एक. मी जयदीप सरांना फोन लावायला निघालो.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “एवढं सोपं असतं तर मी कालच घरी गेले असते. हे बघा. हिंदुरावांना पाच देणारा माणूस पुन्हा त्यांच्या दुकानात पाऊल ठेवत नाही. आणि ताहेराबाईंना एक देणारा पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच जातो. भाड्याची माणसं स्वतःच्या खिशातून पैसे घालून, ज्या दुकानाचं वाटोळं करायचं तिथेच रिचार्ज करतील?”

मी फोन खाली ठेवला. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पहिला ‘एक’ आला, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत हीच माणसं ताहेराबाईंना पाच देत होती. मग एका दिवसात सगळी फिरली. एखादं माणूस फिरतं, दोन माणसं फिरतात. शंभर माणसं एकाच दिवशी कशी फिरतील?

“त्या दिवशी काय झालं होतं?” मी विचारलं.

“ते मला माहीत आहे,” अपेक्षा मॅडम म्हणाल्या. “पण त्याचा याच्याशी संबंध काय, ते अजून कळलेलं नाही.”

५

गुरुवारी दुपारी आम्ही ताहेराबाईंच्या दुकानाशेजारच्या टपरीवर जाऊन बसलो. तीनची शिफ्ट सुटली. कारखान्याच्या फाटकातून मुली बाहेर आल्या, आणि प्रत्येकीची मान मोबाइलमध्ये. फाटकाजवळ लॉकर आहेत. आत फोन न्यायची परवानगी नाही, सकाळी ठेवायचा आणि सुटताना घ्यायचा. म्हणजे दिवसभराचे सगळे मेसेज सगळ्याजणी एकाच जागी, एकाच वेळी वाचणार आणि तिथूनच उत्तरं देणार. घोळक्याचं कोडं तिथे उभ्या उभ्या सुटलं. कुणी माणसं जमवली नव्हती, कारखान्यानंच ती जमवली होती.

पण मग एक देणाऱ्या या मुलीच होत्या. ताहेराबाईंना हे कसं सांगायचं?

तेवढ्यात एक मुलगी दुकानात शिरली. तिला फोनला काच बसवून घ्यायची होती. बाईंनी बसवली. मुलीनं फोन उजेडात धरला, तिरका केला, अंगठा कडेनं फिरवला, सोबतच्या मैत्रिणीला दाखवला आणि म्हणाली, “एक.” मैत्रिणीनं मान डोलावली. दोघी पैसे देऊन बाहेर आल्या.

अपेक्षा मॅडम उठल्या. त्या मुलीला त्यांनी आमच्या बाकावर बसवलं. दैवशाला तिचं नाव, गाव औशाजवळचं. ती वायरिंगच्या तपासणीवर होती. मॅडमनी मताचा विषय काढलाच नाही, कंपनीचा शब्द होता. त्यांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला.

“ताहेराआपा नसत्या तर मला माझे वडील शेवटचे दिसले नसते, मॅडम,” दैवशाला म्हणाली. “फोन असतोय लॉकरात. घरून सारखे लावूलालते, उचलणार कोण? पण आमच्या घरच्यांकडं आपांचा नंबर असतोय. त्या गेटवर आल्या, वॉचमनशी भांडल्या, मला बाहेर काढलं अन् लातूरच्या गाडीत बसवून दिलं. वडलांशी दोन शब्द बोलता आलं. सगळ्या पोरींचं असंच हाय. कुणाच्या घरून फोन आला की आपा गेटवर येतात.”

मग ती जरा थांबली आणि हळूच म्हणाली, “आता मात्र येईनाशा झाल्यात. आठवडा झाला. आमचं काय चुकलं, कळंना. विचारायची भीती वाटतीय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी चहाच्या वाफेवर ढकललं आणि टपरीवाल्याला पैसे द्यायला उठलो. परत आलो तोवर दैवशाला बसकडे निघाली होती, आणि अपेक्षा मॅडमचा चेहरा मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता.

“तिला कारखान्यातलं काम कसं चालतं ते विचारलं,” त्या म्हणाल्या. “उद्या जयदीप सरांना इथेच बोलवा. नानासाहेब, अजिम, हिंदुराव, सगळे हवेत. आणि हिंदुरावांना सांगा, येताना दुकानातली एक चार्जिंगची वायर घेऊन या.”

६

शुक्रवारी दुपारी त्या एवढ्याशा गाळ्यात आम्ही कसेबसे मावलो. पाटी उतरवणारा माणूस शिडी लावून तयारच होता. ताहेराबाई काउंटरमागे उभ्या होत्या, ओढणी नीट करत, कुणाकडेही न बघता. सारखं लक्ष फोनकडे.

अपेक्षा मॅडमनी एकेक गोष्ट मांडली. आकडे एका जागेवरून आले, कारण फोन फाटकावर ठेवलेले असतात. ते घोळक्यानं आले, कारण शिफ्ट एकदम सुटते. तक्रार आली नाही, कारण तक्रार नव्हतीच. नानासाहेबांनी काही केलं नाही, अजिमनं नाही, आणि हिंदुरावांनीही नाही. हिंदुरावांनी सुटकेचा श्वास सोडला. तो त्यांनी जरा लवकरच सोडला, हे त्यांना पुढे कळलं.

“मग केलं कुणी?” जयदीप सरांनी विचारलं.

शिफ्ट सुटली होती. दैवशाला दारात आली, तिच्यामागे रस्त्यापर्यंत मुली. मॅडमनी ताहेराबाईंच्या भिंतीवरची एक चार्जिंगची वायर काढून तिच्या हातात दिली आणि कारखान्यात तपासतेस तशी तपास म्हणाल्या. दैवशालानं वायर पिनेजवळ वाकवली, ओढून पाहिली, उजेडात धरली.

“एक,” ती म्हणाली.

मग हिंदुरावांची वायर. ती वाकवताच मानेजवळचं आवरण सुटलं आणि आतली तांब्याची तार दिसली. दैवशालानं ती दोन बोटांत धरून बाजूला ठेवली. “पाच.”

जयदीप सर गोंधळले. पाच म्हणजे चांगलं ना, असं त्यांनी विचारलं. दैवशालानं त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या साहेबाला हे कसं माहीत नाही, असा तिचा चेहरा होता.

“पाच म्हणजे मोठा दोष, कामाची लाइन थांबवायची, साहेब. एक म्हणजे काहीच दोष न्हाई, पुढं सोडा. कारखान्यात पयल्या दिवशी हेच शिकवतात. आमच्या सगळ्यांच्या बोटात बसलंय ते.”

“आणि कंपनीचा मेसेज येतो, त्याला काय पाठवता?” आपलाच शब्द विसरून जयदीप सरांनी विचारलं.

“त्यात आकडा मागूलालेत, आमी दिलाव,” ती म्हणाली. “आपांना एक. सगळ्याजणींनी.” हिंदुरावांना काय दिलं ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्याच होत्या.

अपेक्षा मॅडमनी जयदीप सरांपुढे त्यांच्याच कंपनीचे दोन मेसेज धरले. जुन्यात शेवटी एक ओळ होती: पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे वाईट. ती असेपर्यंत मुली पाच देत होत्या. नव्यात एवढंच होतं, की तुमचं मत एक ते पाचमध्ये कळवा. मुली ज्या दिवशी फिरल्या, त्याच दिवशी मेसेज कापला गेला होता.

जयदीप सरांनी दोन्ही मेसेज पुन्हा वाचले. ती ओळ मीच काढली, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मार्केटिंगच्या माणसाकडून एवढं ऐकायला मिळालं, याबद्दल मी त्यांचाही आभारी आहे. त्यांनी ताहेराबाईंची माफी मागितली, सगळे ‘एक’ रद्द करतो म्हणाले, ट्रॉफीबद्दलही काहीतरी पुटपुटले. हिंदुराव ती तुटकी वायर हातात घेऊन बघत होते.

“आमाला कुनी तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “आमी आपलं हार घालत बसलो.” कुणी हसलं नाही. अजिमनं मात्र पहिल्यांदा मान वर केली.

एवढं सगळं झालं तरी ताहेराबाई हलल्या नव्हत्या. माफी त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे. त्या दैवशालाकडे बघत होत्या.

“म्हणजे माझ्यावर कुणी नाराज नव्हतं?”

दैवशालाला प्रश्नच कळला नाही. मग अपेक्षा मॅडमनी मुलींना सांगितलं, की तुम्ही पाठवलेल्या ‘एक’मुळे हे दुकान जाणार होतं. एकीनं तोंडावर हात घेतला. दैवशाला रडायलाच लागली, आणि ताहेराबाई तिच्याही आधी.

“मला वाटलं, मी सारखी गेटवर येते ते तुम्हाला खुपतं,” बाई म्हणाल्या. “बाहेरच्या बाईनं तुमच्या घरच्या गोष्टींत का पडावं, असं म्हणून तुम्ही एक देताय. म्हणून मी यायचं बंद केलं. घरचे फोन आले तरी सांगत होते, मुली सुटल्या की करा.”

पलीकडे बसनं हॉर्न दिला. एकही मुलगी वळली नाही. बस थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. हिंदुरावांनी न विचारताच आपली जीप दुकानासमोर आणून लावली. जयदीप सरांनीही गाडीची किल्ली काढली आणि मुलींना हॉस्टेलवर सोडू म्हणाले.

ताहेराबाई काउंटरमागून बाहेर आल्या आणि घोळक्यात कुणाला तरी शोधू लागल्या.

“शेवंता कुठाय? शेवंता, तुझ्या भावाचा सकाळी फोन आला होता. मी आले नाही गं. दिवसभर नुसती फोनकडे बघत बसले, पाय उचलेना. तुझ्या बहिणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.”

मागून एक बारीकशी मुलगी वाट काढत पुढे आली. बहिणीची काळजी तिला किती दिवस होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं ताहेराबाईंच्या गळ्यात हात टाकले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

“आपा,” ती म्हणाली, “पुढल्या वेळंला आमची लाइन बंद पडली तरी चालतंय. पण तुमी या.”

ताहेराबाईंनी मान हलवली. मग ओढणीनं डोळे पुसून त्यांनी तिच्या भावाचा नंबर लावला आणि फोन तिच्या कानाला धरला. बाहेर शिडीवर चढलेला माणूस हे सगळं वरून ऐकत होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. तो आपणच खाली उतरला, शिडी खांद्यावर टाकली आणि निघून गेला.